त्या कादंबरीत आई कुठं होती?

तिसगावच्या शाळेतली खिचडी शिजवून, पातेली घासून चांगुणा दुपारी घरी आली, की हातपाय धुवायची, देवापुढं उदबत्ती लावायची आणि पदराखाली पुस्तक धरून समोरच्या सरवरीच्या घरात शिरायची. पुस्तक लपवायचं आता काही कारण नव्हतं. सासू जाऊन जमाना झाला, मालकही गेले, घरात ती एकटीच. पण नवी नवरी म्हणून आली तेव्हा पदराखाली पुस्तक धरायची सवय लागली होती, ती काही सुटली नाही.

सरवरी म्हणजे गनीभाई शिंप्याची बायको. गनीभाईंचं दुकान पेठेत, पण बायकांचे ब्लाऊज घरी सरवरीच शिवायची. खिडकीशी तिची मशीन. ती चार इयत्ता उर्दू शाळेत गेलेली. मराठी बोलायला एकदम चुरचुरीत, पण वाचायला बसली की अक्षराला अक्षर लावत राहायची. म्हणून चांगुणानं वाचायचं आणि तिनं ऐकायचं, असं दोघींचं कधीतरी ठरून गेलं होतं. गोष्ट रंगात आली की मशीन थांबायची. मशीन थांबली की चांगुणाही आवाज जरा खाली आणायची, पोथीच्या वेळी तिचे वडील आणायचे तसा.

वडील खर्ड्याचे. श्रावणात गावच्या देवळात पोथी लागायची तेव्हा एक जण वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. तो दुसरा म्हणजे तिचे वडील. शाळा फारशी नव्हती त्यांची, पण अर्थ सांगायला लागले की लेकुरवाळ्या बायासुद्धा पोरं गप्प करून ऐकायच्या. घरी आल्यावर चांगुणा विचारायची, तुम्हाला एवढं कसं सुचतं? तर म्हणायचे, "सुचायचं काय त्यात? पदरचं घालायचं न्हाई आन् पोथीतलं गाळायचं न्हाई. ऐकणारा आपल्या भरवशावर बसलेला असतो बाई." त्यांनीच तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. ती अजून होती.

चांगुणानं आयुष्यात बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या. वाचनालयाच्या कपाटातल्या, शाळेतल्या बाईंनी दिलेल्या, रद्दीत सापडलेल्या, शेवटची पानं नसलेल्यासुद्धा. धरणात गेलेल्या गावाची एक होती, ती वाचून दोघी आठवडाभर उदास होत्या. पण तिच्या जिवाची कादंबरी एकच. आठवीत वक्तृत्वाला बक्षीस मिळालेली. पुठ्ठा गेलेला, वर तिनं कॅलेंडरचं पान चढवलेलं. त्यातली सून मोठ्या खटल्यात पडते. सासू पाण्यात बघते, नवरा तोंडाला कुलूप लावून बसतो. सून विहिरीवर जाऊन रडते, डोळ्यांवर पाणी मारते आणि परत येऊन चूल पेटवते. शेवटी सासू अंथरुणाला खिळते, तिचा हात धरते आणि म्हणते, तू होतीस म्हणून हे घर राहिलं.

चांगुणाला ती कादंबरी नुसती आवडायची नाही, ती तिला खरी ठरलेली होती. तिची सासूही तिखट. तीही हापशावर जाऊन रडलेली. आणि खरंच, शेवटच्या दुखण्यात सासूनं मुलांना बाजूला सारून तिच्या हातचं पाणी मागितलं होतं. त्या दिवसापासून चांगुणा त्या पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायची.

आपल्या एकुलत्या लेकीला, रूपालीला, तिनं ती कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली होती. एकदा नव्हे, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत. रूपालीला विहिरीवरचा प्रसंग तोंडपाठ होता.

रूपाली राहात्याला दिली. पेरूची बाग, सिमेंटचं घर, जावई गोरख निर्व्यसनी. पोरीनं नशीब काढलं, असंच सगळे म्हणाले. पण लग्नाला वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, आणि त्या घरातलं वारं बदललं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत रूपाली एकटीच आली. ओट्यावर बसली, पिशवी मांडीवर. हातावर तव्याच्या चटक्याचा डाग होता. म्हणाली, "आई, मला न्हाई जायचं परत."

चांगुणानं तिला जेवू घातलं. डोक्याला तेल लावलं. भाऊबंदांतली दोन माणसं विचारून गेली, पोरगी किती दिवस हाय म्हणून. मग चांगुणानं लाडवांचा डबा भरला, नवं लुगडं विहिणीसाठी घेतलं आणि लेकीला एसटीत बसवून दिलं. "नांदावं लागतं बाई," एवढंच म्हणाली. "मला बी लागलं."

त्यानंतर रूपाली माहेरी आली नाही. फोन करायची, गुरुवारच्या गुरुवार. "बरं हाय," म्हणायची. काय जेवलीस विचारलं तरी "बरं हाय."

हे सगळं सरवरीला ठाऊक होतं. ती त्यावर कधी बोलली नाही. चांगुणानंही बोलू दिलं नाही.

मग यंदा तौफिकनं, सरवरीच्या मुलानं, पुण्याहून आईला मोठा मोबाईल आणला आणि त्यात मालिका लावून दिल्या. सासवासुनांच्या आपल्या मालिका दोघींनी कधीच सोडल्या होत्या; वर्षानुवर्षं तेच ताट तेच वाढप. ह्या मालिका बाहेरच्या देशांतल्या. तुर्कस्तानातली एक बघून झाली, तिचं नाव काढलं की सरवरी अजून उसासे टाकायची. दुसरी कोरियाची, हिंदीतून बोलणारी. मोबाईल तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि दोघींनी मशीनच्या आजूबाजूला बसायचं.

इथं कामं उलटी झाली. चांगुणाचं हिंदी बाजारापुरतं. मालिकेतली माणसं भराभरा बोलत, शब्द जड असत. मग सरवरी थांबवून अर्थ सांगायची. चांगुणानं तिला पहिल्याच दिवशी वडिलांचा नियम सांगितला होता.

"म्हंजे मी आता तुझी म्हाराज झाले म्हन की," सरवरी म्हणाली. "दक्षिणा काय देशील?"

"दक्षिणा मागनारा अर्थ नीट सांगत न्हाई."

"मग फुकटच सांगते. ऐक."

कोरियाच्या मालिकेत समुद्राकाठची एक विधवा होती. मासे चिरून दोरीवर वाळत घालायची. सुरुवातीला चांगुणानं नाकाला पदर लावला.

"अगं मोबाईलमधनं वास येतो व्हय?" सरवरी म्हणाली.

"डोळ्याला येतो."

पण हळूहळू ती बाई चांगुणाला जवळची वाटायला लागली. तिच्या घराच्या गच्चीवर मोठमोठ्या बरण्या होत्या, लोणच्याच्या असाव्यात तशा, आणि ती रोज सकाळी त्या पुसायची. घरात मोठ्या माणसानं घास घेतल्याशिवाय कुणी खायला सुरुवात करायचं नाही. आणि एका तिथीला तिनं मेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढं जेवणाचं ताट मांडलं, भात, भाजी, फळं, सगळं वाकून, हात जोडून. चांगुणाला गहिवरून आलं. आपल्याकडं पितरांना वाढतात ते काय वेगळं असतं? एवढ्या लांबच्या देशातली बाई, देव कोणता मानते कुणास ठाऊक, पण वाकते आपल्यासारखीच. घरी जाऊन तिनं मालकांच्या फोटोवरची धूळ पुसली.

त्या बाईची लेक एका बेटावर दिलेली होती, श्रीमंत घरात. तिथं तिचे हाल होते. मधले काही भाग चांगुणाचे हुकले, कारण शाळेची तपासणी आली आणि तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. ते सरवरीनं तिला तोंडी सांगितले. लेक एकदा आईकडं आली आणि दोन दिवस राहून आपल्या मनानंच परत गेली, असं सांगितलं. चांगुणा म्हणाली, "शहाणी हाय पोर."

आणि मग तो भाग आला. मासेवाली बाई बोटीत बसून बेटावर गेली. त्या श्रीमंत घराच्या अंगणात उभी राहिली. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून नोकर तिला पायरी चढू देईना. ती तिथनंच बोलली, बराच वेळ बोलली. चांगुणाला दोन-चार शब्द कळले.

"काय म्हनली?" तिनं विचारलं.

सरवरीनं मशीनचं चाक धरून ठेवलं होतं. "म्हनली, माझी पोर मला परत पायजे. लोक काय बोलायचं ते मला बोलतील, मी ऐकून घेईन. तिनं किती ऐकायचं?"

चांगुणाच्या कानशिलाशी काहीतरी तापलं. "असं कोन आई म्हनंल? पोरीचा संसार मोडायला कोन जाईल आपल्या पायानं?"

"गेली की. दिसतीय की समोर."

"दिसतंय ते दिसतंय. बोलनं तुझं हाय." चांगुणा उठली. "तू पदरचं घातलंस सरवरी. माझ्या रूपालीचं तुला काढायचं हुतं, कवाचं पोटात हुतं तुझ्या, ते ह्या बाईच्या तोंडी घातलंस."

दोघींच्या इतक्या वर्षांत ह्याच्याहून वाईट काही एकीनं दुसरीला म्हटलं नव्हतं. कुणी दुसऱ्यानं ऐकलं असतं तर हसला असता. मालिकेवरनं भांडण! पण सरवरीचा चेहरा उतरला. तिनं मोबाईल पालथा घातला, सुईत दोरा ओवला आणि खाली मान घालून म्हणाली, "झालं मग. तुझं पुस्तक घेऊन जा."

चांगुणा पुस्तक घेऊन गेली. पदराखाली.

त्यानंतर दुपारी समोरच्या घरातली मशीन ऐकू यायची, सलग, न थांबता. मधे थांबायला आता काही कारणच नव्हतं. चांगुणा ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. नळाला दोघी एकदमच आल्या तर आपापल्या हंड्यात बघायच्या. गनीभाई एकदा जाता जाता म्हणाले, "काय वहिनी, वाचन बंद पडलं काय? आमच्या घरात लई शांतता हाय, मला सवय न्हाई." चांगुणा नुसती हसली.

मन लागेना तेव्हा माणूस आपल्या जुन्या ठिकाणी जातं. चांगुणानं देवापुढं दिवा लावला आणि कॅलेंडरचं पान चढवलेली ती कादंबरी काढली. पहिल्या पानापासून वाचायला लागली. सून आली, खटल्यात पडली, सासूनं पाण्यात बघितलं. विहीर आली. सून काठावर बसून रडली. एरवी इथं चांगुणाचे डोळे भरायचे. ह्या वेळी तिच्या मनात भलतंच आलं. हिची आई कुठं आहे?

तिनं मागची पानं चाळली. लग्नाच्या प्रकरणात आई होती. लेकीची ओटी भरताना दोन ओळी होत्या, पदरानं डोळे पुसल्याच्या. त्याच्यापुढं नव्हती. पोरगी तापानं फणफणली तेव्हा नव्हती. दिरानं ताट भिरकावलं तेव्हा नव्हती. विहिरीवर पोर एकटी बसली होती, आणि लिहिणाऱ्याला आई आठवलीच नव्हती. मेली असं तरी लिहायचं. तेही नव्हतं. एवढ्या जाड पुस्तकात आई जिवंत होती आणि कुठंच नव्हती.

चांगुणा इतक्या वेळा ते पुस्तक वाचून बसली होती. तिला कधी दिसलं नव्हतं, कारण ती दर वेळी सुनेच्या जागी बसून वाचत होती. आता ती कुणाच्या जागी होती?

तिच्याकडं शाळेच्या कामासाठी घेतलेला छोटा, पण नेट चालणारा मोबाईल होता. शेजारच्या निकिताला, कॉलेजात जाणाऱ्या पोरीला, तिनं ती मालिका लावून मागितली. निकिता म्हणाली, "काकू, शेवटचा भाग लावू?" चांगुणा म्हणाली, "पहिल्यापास्नं लाव. पोथी मधनं धरत न्हाईत."

रोज शाळेतून आल्यावर ती एकटी बघायला लागली. बघितलेले भाग परत बघितले. हुकलेले भाग आले तेव्हा जरा सरसावून बसली. लेक माहेरी आली, पावसात भिजत. दारात उभी राहिली. आईनं दार उघडलं, लेकीकडं बघितलं, गल्लीकडं बघितलं. शेजारची खिडकी उघडी होती. आणि त्या बाईनं लेकीला आत घेतलंच नाही. तिच्या दंडाला धरून तशीच धक्क्यावर नेली आणि बोटीत बसवली. मांडीवर एक गाठोडं ठेवलं, खायचं असावं. त्या सगळ्या प्रसंगात कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त पाऊस. बोट सुटली, लेक बघत राहिली, आणि आई पाठमोरी चालायला लागली ती वळली नाही.

इथं अर्थ सांगायला कुणी लागत नव्हतं.

चांगुणानं मोबाईल मांडीवर ठेवला. लाडवांचा डबा तिच्या डोळ्यापुढं आला. डब्याचं झाकण बसत नव्हतं, तिनं वरून दोरी बांधली होती. एसटी सुटली तेव्हा रूपाली काचेतनं बघत होती का? तिला सांगता येईना. तिनं बघितलंच नव्हतं.

अशी बोटीत बसवून दिलेल्या पोरीला न्यायला आलेली बाई त्या अंगणात दुसरं काय बोलणार? सरवरीनं पदरचं काही घातलं नव्हतं. तिनं गाळलं होतं. ती पोर आपल्या मनानं परत गेली, असं तिनं सांगितलं होतं, चांगुणाच्या तोंडाकडं बघून.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं शाळेतल्या बाईंना निरोप दिला की आज येत नाही. सकाळीच आंघोळ, पूजा उरकली. देव्हाऱ्यातल्या नाथांच्या तसबिरीपुढं जरा जास्त वेळ उभी राहिली. काही मागितलं नाही, नुसती उभी राहिली. मग पिशवी घेऊन समोरच्या दारात गेली. सरवरी चहा गाळत होती.

"बोटीचा भाग तू गाळलास," चांगुणा म्हणाली.

सरवरीनं वर बघितलं नाही. "गाळला."

"का?"

"मला न्हाई सांगवला." तिनं गाळणं बाजूला ठेवलं. "तुझे वडील रागावले असते माझ्यावर."

"माझ्यावर आधी रागावले असते." चांगुणा उंबऱ्यावरच टेकली. "मी राहात्याला चालले. रूपालीला आनायला."

सरवरीनं चहाचा कप तिच्या हातात दिला, आत गेली आणि ओढणी बदलून आली. गनीभाईंना आवाज दिला, "आवो, डब्यात भाकरी हायती. मी चांगुनाबरोबर चालले."

"कुठं?"

"बेटावर," सरवरी म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

नगरला गाडी बदलून दोघी राहात्याला उतरल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. वाटभर चांगुणा मनात बोलणं जुळवत होती. विहीणबाईंना काय म्हणायचं, जावयाला काय, मोठ्या आवाजात की हळू. बागेच्या कडेनं घराकडं जाताना ते सगळं विसरून गेली.

रूपाली मागच्या अंगणात भांडी घासत होती. घरची सगळी, कामावरच्या माणसांची सगळी. हाताची हाडं दिसत होती. आईला बघून ती उठली नाही. राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "कोन वारलं?"

"कोन न्हाई," चांगुणा म्हणाली. पदर खोचून तिच्यासमोर बसली आणि घासलेली भांडी विसळायला लागली.

विहीणबाई दारात आल्या. "अगंबाई, न सांगता सवरता! आन् ह्या कोन?"

"माझी मैत्रीन हाय."

"बरं, बरं. जेवायला थांबताय का जरा भेटून जानार?"

"न्यायला आले," चांगुणा म्हणाली. तिच्या हातातनं पाणी सांडत होतं.

"किती दिवसांसाठी?"

सरवरी काही बोलेल असं क्षणभर वाटलं, पण ती गप्प उभी होती. हे तिनं सांगायचं नव्हतं.

"दिवस न्हाई मोजायचे विहीणबाई. माझी पोर हाय, मी घरी न्हेते."

"लोक शेन घालतील तोंडात! मूल न्हाई, बाळ न्हाई, आन् आता नवऱ्याचं घर बी न्हाई. गोरख, आरं बघ रे, काय म्हनतायत ह्या!"

गोरख पडवीत आला. सासूबाईंकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि आईकडं बघून उभा राहिला. त्या कादंबरीतला नवरा असाच उभा असायचा.

"लोकांचं मी बघते," चांगुणा म्हणाली. "माझ्या दारात येऊ द्या त्यांना."

रूपाली अजून बसलेलीच होती. तिनं राखेत बोट फिरवलं आणि इतक्या हळू विचारलं, की समोर बसलेल्या आईलाच ऐकू गेलं. "परत आनून सोडशील?"

"न्हाई."

"डबा भरून?"

"न्हाई गं," चांगुणा म्हणाली. "न्हाई."

रूपालीनं हात धुतले. आत गेली, आली तेव्हा तीच दिवाळीची पिशवी तिच्या हातात होती.

नगरकडं जाणाऱ्या गाडीत तिघी एका बाकावर बसल्या. रूपाली खिडकीशी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. कोल्हार मागं पडलं तरी कुणी बोललं नाही. मग सरवरीला राहवेना. शांतता तिला सोसायची नाही.

"रूपाली, आमी एक गोष्ट बघितली मोबाईलमधे," ती म्हणाली. "कोरियाची. एक बाई असती समुद्राकाठी, मासे वाळवती. तुझी आई नाकाला पदर लावून बसायची. तिची लेक बेटावर दिलेली असती. तिथं लई हाल. मग एक दिवस ती बाई बोटीत बसून निघाली पोरीला आनायला..."

"थांब," चांगुणा म्हणाली. "मधलं ऱ्हायलं."

सरवरीनं तिच्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे की गं. आज कशाला?"

"गाळायचं न्हाई." चांगुणानं माळेवर हात ठेवला. समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत ती सांगायला लागली. आवाज खाली आला होता. "त्याच्या आधी ती पोर एकदा आईकडं आली हुती. भिजून आली हुती. आईनं तिला आत घेतलं न्हाई. दंडाला धरून न्हेली आन् बोटीत बसवली. खायचं गाठोडं दिलं मांडीवर. पोर बघत हुती तिच्याकडं. आई एकदा बी वळली न्हाई."

गाडी थांब्यावर थांबली, माणसं चढली, उतरली, परत सुटली. रूपाली बाहेर बघत होती.

"का?" तिनं विचारलं.

"भ्याली हुती," चांगुणा म्हणाली. "शेजारची खिडकी उघडी हुती."

रूपालीनं मांडीवरची पिशवी उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली. ठेवली आणि परत खिडकीकडं तोंड केलं.

"पुढं सांग," ती म्हणाली.